बॉर्डरच्या डोंगराची तयारी

डोंगर चढून उतरायला आम्हाला एक दिवस लागला आणि त्याची तयारी करायला पाच महिने. त्या दिवसाचं मला बरंच काही आठवतं, पण अंगात मुरून राहिला आहे तो त्या पाच महिन्यांचा थकवा. बाबा, आई, मी आणि विलासकाका अशी चार माणसं अमेरिकेतल्या रेडमंड गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये, स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलावर नकाशा पसरून बसायचो. नकाशा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर हळद, तिखट, मीठ आणि साखर यांचे डबे ठेवलेले असायचे. त्या डोंगराला नाव आहे, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. आमच्यासाठी तो बॉर्डरचा डोंगर. त्याची दक्षिणेची बाजू अमेरिकेत, उत्तरेची कॅनडात आणि माथ्यावर दोन देशांची हद्द दाखवणारा एक खांब. सकाळी चढायला लागायचं आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं, जाऊन-येऊन चौदा मैल. आज माझे स्वतःचे गुडघे जिना उतरताना कुरकुरतात, तेव्हा वाटतं की त्या वयात आईबाबांनी हे कसं केलं असेल. मग हिशेब करते आणि लक्षात येतं की ते दोघं तेव्हा माझ्या आजच्या वयाहून पंधरा वर्षांनी लहान होते. तरी मला ते म्हातारे वाटायचे. सतरा वर्षांच्या मुलीला सगळेच म्हातारे वाटतात.

आम्ही नागपूरचे. बाबा आधी आले, पुलांचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागले आणि दोन वर्षांनी त्यांनी आईला आणि मला बोलावून घेतलं. रेडमंडला तेव्हा आजच्यासारखी आपली माणसं नव्हती. हिवाळा म्हणजे सहा महिने पाऊस, तोही आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही, दिवसभर नुसता रिपरिपणारा. घरात आवाज तीनच: पन्हाळीतून टपटपणारं पाणी, फ्रिजची घरघर आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा टीव्ही. कुकरच्या शिट्टीनं त्या म्हाताऱ्याला त्रास होईल म्हणून आई स्टोव्हपाशी उभी राहायची आणि शिट्टी होणार असं वाटलं की लगेच कुकर बाजूला सरकवायची. त्यामुळे आमच्या घरातलं वरण बरेचदा कच्चं असायचं. बेसन, तूरडाळ, काळा मसाला हे सगळं विलासकाका कॅनडातून, व्हँकूव्हरच्या दुकानांतून आणून द्यायचे. विलासकाका नागपूरचेच, बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, एकटेच राहणारे, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून ते बॉर्डर ओलांडून जाऊ-येऊ शकत होते. आमचा अर्ज पडून होता. अर्ज पडून असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर तो रद्द होतो, हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की ते मला झोपेतही म्हणता आलं असतं.

बाबांचं आणि कागदांचं नातं समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या घरात जे आलं ते कागदानं आलं. बाबांच्या वडिलांना गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, आणि त्यांचा मुलगा इंजिनियर झाला तो जातीचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, हॉस्टेलचा अर्ज, मार्कशीट असं एकेक पाऊल टाकत. माणसांनी त्यांना दारात उभं केलं नाही, कागदांनी केलं. म्हणून बाबा कागदाला मान द्यायचे. अर्ज करायचा तो रीतसर, वरिष्ठांमार्फत, सोबत जोडलेल्या कागदांची यादी देऊन, आणि मग उत्तराची वाट बघायची. उत्तर येण्याआधी जाऊन विचारलं तर फाइल खराब होते, असं ते म्हणायचे. अमेरिकेत येऊनही त्यांचं तेच. अपार्टमेंटच्या मॅनेजरला नळ गळतो हे सांगायला खाली उतरून जाण्याऐवजी ते पत्र लिहायचे, आणि ते मी टाइप करायची. मॅनेजर गमतीनं ती पत्रं भिंतीवर चिकटवून ठेवायचा. मला शाळकरी वयात याची लाज वाटायची. आता वाटत नाही, पण त्यापायी जे झालं त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

त्या हिवाळ्यात नागपूरहून तार आली. आईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना सगळं घर भाऊ म्हणायचं, आम्ही नातवंडंसुद्धा. गिरणीत आयुष्य काढलेला, मोजकं बोलणारा माणूस, आणि आई त्यांची एकुलती मुलगी. मामाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, की भाऊंना फारसं बोलता येत नाही, पण जे येतं त्यात ते एवढंच विचारतात, शशी केव्हा येते. बाबांनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, मी तो टाइप केला. पत्नीस वडिलांच्या गंभीर आजारपणामुळे तात्पुरतं देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळावी, सोबत तारेची प्रत जोडली आहे. सोमवारी तो रजिस्टर पोस्टानं गेला. मंगळवारी दुपारी मी शाळेतून आले तर फोन वाजत होता. आमची फाइल बघणाऱ्या वकिलीणबाईंना बाबांनी अर्जाचं कळवलं होतं; त्यांच्या ऑफिसातून त्यांची मदतनीस बोलत होती. ती म्हणाली, पोस्टानं पाठवून काय उपयोग, तुझ्या आईला घेऊन उद्या सकाळी स्वतः इमिग्रेशनच्या ऑफिसात जा, पासपोर्ट आणि तार घेऊन काउंटरवर उभे राहा, असं मरणाच्या दारातलं प्रकरण असेल तर ते कधीकधी तिथल्या तिथे कागद देतात. आई तेव्हा खाली धुण्याच्या मशिनपाशी गेली होती.

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना दारातच हे सांगितलं. ते बूट न काढता खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "अर्ज गेला ना आपला. आता वरून जाऊन उभं राहिलं तर त्यांना वाटेल, आपला त्यांच्यावर भरोसा नाही. ती बाई 'कधीकधी' म्हणाली ना? म्हणजे नक्की नाही. उगाच फाइल खराब व्हायची. तुझं कॉलेज आहे पुढं, सगळं त्या एका फाइलवर आहे." मी म्हटलं, "पण बाबा, विचारायला काय हरकत आहे?" ते म्हणाले, "आईला सांगू नको. ती आशेला लागेल." आणि मी सांगितलं नाही. भाऊ पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी गेले. परवानगीचं पत्र त्यानंतर आलं, मंजूर म्हणून, शिक्क्यासकट. बाबांनी ते फाइलला लावलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आम्ही घरातच केला. भाऊंचा फोटो नव्हता, म्हणून लग्नाच्या ग्रुप फोटोतला त्यांचा चेहरा वर येईल असा तो घडी करून बुद्धमूर्तीशेजारी ठेवला. विलासकाकांनी वंदना म्हटली, आईनं खीर केली. ती रडली नाही. विलासकाका मला हळूच म्हणाले, "तुझी आई एकदम स्ट्राँग आहे यार." मला माहीत होतं की ती स्ट्राँग वगैरे नव्हती. एवढ्या लांबून, डोळ्यांनी न बघितलेल्या मरणासाठी रडायचं कसं हेच तिला कळत नव्हतं. आणि मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी तिच्याकडे सरळ बघायचं टाळायला लागले.

त्यानंतर आई चालायला लागली. सकाळी बाबा गेले, मी शाळेत गेले की ती साडीवर बाबांचा जुना रेनकोट चढवायची आणि निघायची. आधी बस स्टॉपपर्यंत, मग त्याच्या पुढच्या दुकानापर्यंत, मग टेकडीवरच्या चर्चपर्यंत. पावसात, रस्त्याच्या कडेनं, जिथं फुटपाथसुद्धा नाही. गाडीतले लोक थांबून विचारायचे, राइड हवी का, आणि ती हात हलवून नको म्हणायची. घरी येऊन ओली साडी बाथरूमच्या दांडीवर टाकायची आणि कणीक मळायला घ्यायची. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणायची, "इथंच." एका रविवारी विलासकाका म्हणाले, "वहिनी, एवढं चालताच आहात तर हायकिंगला चला ना. सिरियसली. पावसात रस्त्यावर चालण्यापेक्षा बेटर." आणि त्यांनी गाडीतून नकाशा आणून टेबलावर पसरला. आई महिनाभर कशातच लक्ष घालत नव्हती, पण हात पुसून आली आणि नकाशाच्या अगदी वर, कडेपाशी, एका सरळ रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही रेघ काऊन सरळ आहे? बाकी तर सगळं वाकडंतिकडं आहे."

"ती बॉर्डर आहे, वहिनी. त्यापलीकडे कॅनडा."

"इथं जाता येते?"

"हा पीक आहे ना, त्याच्यावरूनच जाते ती लाइन. पण टफ आहे हं. फुल डे लागतो. बर्फ असतो मध्ये."

"मग मला तिथं जायचं आहे," आई म्हणाली आणि कणकेकडे परत गेली. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, हे मला दिसलं. त्या हिवाळ्यानंतर आईला कशालाच नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती.

मग सुरू झाली तयारी. बाबांनी ग्राफ पेपरवर तक्ता आखला. किती वाजता निघायचं, किती वाजता कुठे पोचायचं, किती पाणी, कुणाच्या पाठीवर काय, आणि शेवटच्या रकान्यात 'अडचण आल्यास'. तो रकाना सगळ्यात मोठा होता. विलासकाकांनी सांगितलं की पाठीवर वजन घेऊन चढायची सवय हवी. आमच्याकडे वजनदार असं काय होतं? तांदूळ. वीस पौंडांचं बासमतीचं पोतं बाबांच्या जुन्या दप्तरात भरून आई अपार्टमेंटचे तीन मजले चढायची आणि उतरायची, रोज दहा वेळा. वरचा म्हातारा दार उघडून बघायचा, मग एक दिवस तो खुर्ची टाकूनच बसला आणि मोजायला लागला. पण तांदूळ रोज शिजतही होता. त्यामुळे आठवड्यागणिक पोतं हलकं होत गेलं. आई म्हणायची, मला आता सोपं जाऊन राहिलं, आणि बाबा तक्त्यावर प्रगती समाधानकारक असं लिहायचे. जुलैत विलासकाकांनी दप्तर उचलून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "दादा, हे ट्रेनिंग उलटं चाललंय! वहिनी स्ट्राँग नाही झाल्या, भात झाला!" त्या वर्षात आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा, पदर तोंडाला लावून, खूप वेळ. बाबाही हसले. मी त्या दोघांना हसताना बघितलं आणि उठून बाथरूममध्ये जाऊन बसले.

बुटांचाही असाच घोळ. आईचा पाय लहान, बायकांचे डोंगरी बूट मिळेनात, शेवटी मुलांच्या विभागात मिळाले, पिवळ्या नाड्यांचे. साडी नेसून चढता येणार नाही हे तिनं आपणहून मान्य केलं आणि बाबांची ऑफिसची जुनी पँट घालून, कमरेला परकराची नाडी आवळून ती आमच्यासमोर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातलेली ती बाई जराही लाजली नाही. बाबाच लाजले. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. माथ्यावर गेलं म्हणजे देशाबाहेर गेलं असं धरतात का? त्यांनी रेंजरच्या ऑफिसात फोन केला, मी शेजारी उभी होते. रेंजर हसून म्हणाला, लोक वर जाऊन जेवतात, अर्धे कॅनडात बसतात, आम्हाला कशाला विचारता. बाबांनी अदबीनं विचारलं, हे आपण लेखी देऊ शकाल का? पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मग बाबांनी नकाशावर, माथ्याच्या खाली, अलीकडच्या अंगाला लाल पेन्सिलीनं एक फुली मारली. "इथं थांबायचं. इथून सगळं दिसते." विलासकाका म्हणाले, "दादा, कोण चेक करणार तिथे?" बाबा म्हणाले, "कुणी बघत नाही म्हणून नियम मोडायचा नसतो." आईनं ती फुली बघितली, साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला आणि नकाशा गुंडाळला गेला.

जुलैत बर्फ होता म्हणून रद्द झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस. मग बाबांच्या ऑफिसचं काम. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी आई दशम्या, सुकं पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते घरातच, टेबलाशी बसून, पाऊस बघत खायचो. मला वाटायला लागलं होतं की जाऊच नये, हे असंच तयारीत विरून जावं. सप्टेंबरच्या शेवटी माझं कॉलेज सुरू होणार होतं आणि मी घर सोडणार होते. माझ्या पोटातली ती गोष्ट घेऊन मी निघून जाणार, आणि मग ती आयुष्यभर तशीच राहील, हे मला कळत होतं. सांगायची भीती वाटत होती, आणि न सांगण्याचीही शिसारी आली होती.

शेवटी सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. विलासकाकांच्या गाडीत, पहाटे निघून. पायथ्याशी गारठा होता आणि जंगल इतकं दाट की सकाळ झाल्याचं कळत नव्हतं. वाट नागमोडी, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर, आणि प्रत्येक वळणावर बाबा घड्याळ बघून तक्त्यात लिहायचे. तिसऱ्या तासाला त्यांनी लिहायचं सोडलं. त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागला होता. आई मात्र न थांबता, एका चालीनं, जशी रेडमंडच्या रस्त्यावर चालायची तशीच चालत होती. झाडं संपली आणि उघडा उतार लागला, लाल पडत चाललेल्या झुडपांचा, त्यांवर छोटी निळी बोरं. आई वाकून ती तोडायची आणि मागं वळून बाबांच्या हातावर ठेवायची. एका खडकावरून अचानक जोरात शिट्टी ऐकू आली आणि बाबा जागच्या जागी थबकले. त्यांना वाटलं, कुणी अधिकाऱ्यानं हटकलं. विलासकाका म्हणाले, "मार्मोट आहे दादा, रिलॅक्स," आणि मांजराएवढा एक जाडा, केसाळ प्राणी खडकाआड पळताना दिसला. बाबा हसले नाहीत. शेवटचा बर्फाचा पट्टा त्यांनी बसून, घसटत पार केला. त्यांची पँट मागून ओली झाली होती. आपल्या वडिलांना असं बघणं कुठल्याच मुलीला आवडत नाही.

फुलीच्या जागी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वर माथा दिसत होता, पाच मिनिटांची चढण. बाबा एका दगडावर बसले आणि म्हणाले, "बस. मी इथंच. तुम्ही जाऊन या, पण खांबाच्या अलीकडेच राहा." विलासकाका त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधायला थांबले. आईनं डब्याची पिशवी खाली ठेवली आणि आम्ही दोघी वर गेलो.

वर वारा होता. कमरेएवढा धातूचा खांब, अंगावर अक्षरं कोरलेली. खाली दोन्हीकडे जंगल, आणि त्या जंगलातून झाडं तोडून काढलेली सरळ पट्टी, भांग पाडावा तशी, एक डोंगर उतरून दुसरा चढत दूरवर गेलेली. नकाशावरची रेघ खरोखरच जमिनीवर होती. आईनं खांबाला हात लावला. मग ती त्याच्या बाजूनं पुढं गेली, सहा-सात पावलं, आणि पलीकडच्या एका खडकावर माझ्याकडे पाठ करून बसली.

"आई, इकडे ये ना. बाबा म्हणाले..."

"काय होते? कोण बघून राहिलं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "एवढंच असते का गं? मला वाटलं, काहीतरी होईल. पाऊल टाकलं की. भाऊ बोलावत होते आणि मी एवढं पाऊल नाही टाकलं."

मला ते सहन झालं नाही. मी खांब ओलांडून तिच्यापाशी गेले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि सगळं सांगितलं. फोन, वकिलीणबाईंची मदतनीस, काउंटर, बाबा काय म्हणाले, मी कशी गप्प बसले. मी रडत होते आणि मध्येच इंग्रजीत बोलत होते. आई ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"फोन कोणत्या दिवशी आला?"

"मंगळवारी."

तिनं बोटांवर मोजलं. "बुधवारी तिथं उभं राहिलो असतो. शुक्रवारी विमान. रविवारी मुंबई. सोमवारी नागपूर." मग थांबली. "गुरुवारी गेले भाऊ. तीन दिवस भेटले असते."

मी तिचे हात धरले होते. ते थंडगार होते. ती ओरडेल, मला मारेल, खाली जाऊन बाबांना विचारेल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिनं ते करावं अशी माझी इच्छा होती. इतक्या महिन्यांत त्या घरात कुणीतरी एकदा ओरडायला हवं होतं. खालून बाबांची हाक आली, वाऱ्यानं अर्धी तुटलेली. "शशी! झालं का? ढग येऊन राहिले!"

आईनं पँटच्या खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मग माझं पुसलं. "हे पाह्य," ती म्हणाली, "तू मला सांगितलं, हे त्यांना कळू देऊ नको."

"का पण? का नाही कळू द्यायचं? त्यांच्यामुळे..."

"सात मैल उतरायचं आहे अजून त्या माणसाला. गुडघा सुजला आहे त्यांचा."

"आणि तुझं काय?"

"माझं खाली गेल्यावर पाहू," आई म्हणाली आणि उठली.

आम्ही उतरलो. बाबांनी विचारलं, "अलीकडेच होत्या ना?" आई म्हणाली, "हो." तिनं डबा उघडला, दशमीवर पिठलं घालून पहिली गुंडाळी बाबांना दिली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "ग्रीन कार्ड आलं की सगळ्यात आधी तुला नागपूरला पाठवतो." ती म्हणाली, "खा आधी." बर्फाच्या पट्ट्यावर तिनं त्यांचं दप्तर स्वतःच्या पाठीवर घेतलं, पुढं उभी राहिली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवून घेतले. ती एक पाऊल टाकायची, मग ते टाकायचे. सात मैल असेच. मी मागून चालत होते आणि मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही इतकी दया येत होती, की पायांखाली काय आहे ते दिसत नव्हतं. विलासकाकांना वाटलं, मला बूट चावले. त्यांनी आपले जाडे मोजे काढून मला दिले.

खाली गेल्यावर आईनं काही पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी कॉलेजला गेले. ग्रीन कार्ड आलं, आई नागपूरला गेली, भाऊंची रिकामी खाट बघून परत आली. बाबा निवृत्त झाले, त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि डोंगराची गोष्ट ते पाहुण्यांना हौसेनं सांगायचे, फुलीपाशी कसे थांबले ते सांगताना थोड्या अभिमानानं. आई शेजारी बसून ऐकायची. मी कित्येकदा तिच्याकडे बघितलं. तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी माणसं पांगली, विलासकाकाही आपल्या घरी गेले. दुपारची वेळ होती. मी भांडी पुसत होते. आई टेबलाशी येऊन बसली, दोन्ही हात समोर ठेवले आणि म्हणाली, "हं. आता सांग."

"काय सांगू?"

"तो फोन. ती बाई काय काय म्हणाली होती? पहिल्यापासून सांग. सावकाश सांग, आता कुणाला उतरवायचं नाही आहे."

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द. आणि माझी आई, सत्तरीची, टेबलावर डोकं टेकवून तिच्या भाऊंसाठी मोठ्यानं रडली.